सन्मानाची नोंद

प्रस्तावना

शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत मिळालेला पेला, वक्तृत्व स्पर्धेचे प्रमाणपत्र, कारखान्यात झालेल्या सत्काराचे छायाचित्र अशा वस्तू अनेक घरांतील फडताळात जपून ठेवलेल्या असतात. त्यांचे मोल घरातल्यांना ठाऊक असते. पण नोकरीसाठी अर्ज करण्याची वेळ आली आणि 'मिळालेले पुरस्कार व सन्मान' या मथळ्याखाली काही लिहायचे असले, की लेखणी अडखळते. कोणी संकोचाने ती जागा रिकामी सोडतो, तर कोणी तिथे नसलेले मोठेपण भरतो. दोन्ही प्रकारांत नुकसान अर्जदाराचेच होते.

आज नोएडा, गुरुग्राम किंवा पुणे येथील संगणक कंपन्यांत काम शोधणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न असतो. त्यांचे परिचयपत्र म्हणजेच रेझ्युमे माणसाच्या आधी अनेकदा संगणक वाचतो. संगणकाला भारदस्त विशेषणे कळत नाहीत. कोणती माहिती कोणत्या रकान्यात आहे, एवढेच तो पाहतो. अशा परिचयपत्रात सन्मानाची नोंद कशी करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• किताब, पदवी, पुरस्कार, पारितोषिक आणि प्रमाणपत्र यांतील फरक सांगू शकाल;
• सन्मान नावाला जोडणे आणि सन्मानाची स्वतंत्र नोंद करणे यांतील भेद स्पष्ट करू शकाल;
• पुरस्काराची नोंद चार रकान्यांत लिहू शकाल;
• नोंदीचा सारांश नेमक्या आणि खऱ्या शब्दांत लिहू शकाल.

मूळ पाठ

१. नाव वेगळे, सन्मान वेगळा

इंग्रजी अमदानीत सरकार आपल्या मर्जीतल्या माणसांना 'रावसाहेब', 'रावबहादूर' यांसारखे किताब देत असे. हे किताब नावाच्या आधी लावले जात. दारावरच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, सभेच्या वृत्तान्तात किताब आधी आणि माणूस मागाहून येई. किताब कशासाठी मिळाला, हे मात्र त्या नावावरून कधीच कळत नसे.

स्वतंत्र भारताने ही प्रथा मोडली. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदानुसार राज्याला कोणताही किताब देता येत नाही. याला अपवाद केवळ सैनिकी आणि विद्याविषयक मानाचा. म्हणूनच नावाआधी 'कर्नल' किंवा 'डॉक्टर' लिहिता येते. त्यामागे हुद्दा असतो किंवा अभ्यास असतो.

पुढे १९५४ मध्ये भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले. हे पुरस्कार म्हणजे मागल्या दाराने आलेले किताबच नव्हेत काय, असा प्रश्न उभा राहिला आणि तो दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. हे पुरस्कार किताब नाहीत, त्यामुळे ते घटनेशी विसंगत नाहीत. परंतु ते नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखे लावता येणार नाहीत आणि कोणी तसे केल्यास त्याने तो पुरस्कार गमवावा, असे न्यायालयाने सांगितले.

मग हा सन्मान राहतो कोठे? त्याची जागा स्वतंत्र असते. प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची नावे जाहीर होतात. त्यानंतर साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये राष्ट्रपती भवनात समारंभ होऊन राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक प्रदान केले जाते. मानकऱ्यांची नावे भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. कोणता सन्मान, कोणी, कधी आणि कोणत्या क्षेत्रातील कार्यासाठी दिला, हे कोणालाही पडताळून पाहता येते. नाव मात्र जसेच्या तसे राहते.

लोकांनी प्रेमाने दिलेली नावे ही या नियमापलीकडची गोष्ट आहे. जोतीराव फुले यांना १८८८ मध्ये मुंबईतील सभेत 'महात्मा' ही पदवी जनतेने अर्पण केली. बाळ गंगाधर टिळक 'लोकमान्य' झाले तेही लोकांमुळेच. असे नाव इतरांनी घ्यायचे असते. ते स्वतःच्या अर्जावर स्वतः लिहिण्याजोगे नसते.

पाठगत प्रश्न १

(अ) राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदात कोणते दोन अपवाद सांगितले आहेत?
(आ) चूक की बरोबर ते सांगा : पद्म पुरस्कार नावाच्या आधी लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे.

२. संगणकाला वाचता येणारे परिचयपत्र

कागदावरचे परिचयपत्र डोळ्यांसाठी असते. ठळक अक्षरे, रेघा, चौकटी यांवरून वाचणारा माणूस अंदाज बांधतो. संगणकासाठी मात्र माहितीची सुव्यवस्थित मांडणी करावी लागते. अशा मांडणीची एक सर्वमान्य रीत म्हणजे 'जेसन'. तिच्यात प्रत्येक माहितीला एक नाव आणि एक मूल्य असते. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहितात, त्यापुढे अपूर्णविराम देतात आणि मग मूल्य लिहितात. एका गोष्टीविषयीची सारी माहिती महिरपी कंसात राहते. अशा अनेक नोंदींची यादी असेल तर ती चौकटी कंसात ठेवतात. दोन नोंदींमध्ये स्वल्पविराम येतो. शेवटच्या नोंदीनंतर तो आला, तर संगणक सारी धारिका नाकारतो. व्याकरणाच्या तासाला विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करणाऱ्याला येथे ते लगेच महागात पडते.

या रीतीवर आधारलेला 'जेसन रेझ्युमे' नावाचा खुला आराखडा २०१४ मध्ये तयार होऊ लागला. तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्यात मूलभूत माहिती, काम, शिक्षण, प्रमाणपत्रे, कौशल्ये, भाषा, प्रकल्प असे वेगवेगळे विभाग आहेत. त्यांतच पुरस्कारांचा स्वतंत्र विभाग आहे. त्यातील प्रत्येक नोंदीला चार रकाने असतात : टायटल म्हणजे पुरस्काराचे नाव, डेट म्हणजे दिनांक, अवॉर्डर म्हणजे पुरस्कार देणारी संस्था आणि समरी म्हणजे सारांश. प्रत्यक्ष धारिकेत रकान्यांची ही नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावी लागतात. रकान्यातले मूल्य मात्र देवनागरीतही लिहिता येते. दिनांक तेवढा इंग्रजी अंकांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहायचा असतो. दिवस किंवा महिना निश्चित ठाऊक नसेल तर केवळ वर्ष लिहिले तरी चालते. आठवत नसलेला दिवस कल्पनेने भरण्याची गरज आराखड्याने ठेवलेलीच नाही.

परम महासंगणकाच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे विजय भटकर यांचे उदाहरण घेऊ या. त्यांचे 'नाव' या रकान्यात 'विजय भटकर' एवढेच येईल. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेची पीएच.डी. ही विद्याविषयक पदवी आहे. ती शिक्षणाच्या विभागात जाईल. परम ८००० हा १९९१ सालचा महासंगणक कामाच्या किंवा प्रकल्पांच्या विभागात जाईल. पुरस्कारांच्या विभागात दोन नोंदी अशा होतील :

पुरस्काराचे नाव : पद्मभूषण
दिनांक : २०१५
देणारी संस्था : भारत सरकार
सारांश : विज्ञान व अभियांत्रिकी या क्षेत्रातील कार्यासाठी.

पुरस्काराचे नाव : पद्मश्री
दिनांक : २०००
देणारी संस्था : भारत सरकार
सारांश : विज्ञान व अभियांत्रिकी या क्षेत्रातील कार्यासाठी.

एवढे मोठे कार्य, पण त्याच्या सन्मानाची नोंद चार-चार ओळींत मावते. एकही विशेषण लागत नाही. १९९५ च्या निर्णयाने जे सांगितले, तेच या आराखड्याच्या रचनेतून आपोआप घडते : नाव नावाच्या जागी, सन्मान सन्मानाच्या जागी.

पाठगत प्रश्न २

(अ) पुरस्काराच्या नोंदीतील चार रकाने कोणते?
(आ) दिवस व महिना ठाऊक नसल्यास दिनांकाच्या रकान्यात काय लिहावे?

३. बावीस कॅरेटची गोष्ट

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागांतून सोन्याचांदीच्या गलाईचे काम करणारी कुटुंबे देशभर पसरली आहेत. दिल्लीच्या करोल बागेतही जुने सोने वितळवून ते शुद्ध करणाऱ्या त्यांच्या भट्ट्या आहेत. अशाच एका कुटुंबातील तरुणीची कल्पना करा. आईच्या आजारपणात तिची शाळा नववीत सुटली. पुढे मुक्त विद्यालयातून ती बारावी झाली आणि एका प्रशिक्षण केंद्रात संकेतस्थळे बनवायला शिकली. नोएडातील एका लहान कंपनीने तिच्याकडे जेसन रेझ्युमे मागितला.

तिच्या पिशवीत चार कागद होते. पहिला, प्रशिक्षण केंद्रांच्या स्पर्धेत तिघींच्या गटाला मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाचा. दुसरा, एका कार्यशाळेला हजर राहिल्याचा. तिसरा, संकेतस्थळ बनवण्याचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा. चौथा, ती ज्या दुकानात हिशेब पाहत असे, तेथील मालकांनी 'वर्षातील उत्तम कर्मचारी' म्हणून दिलेला.

तिने पहिला मसुदा लिहिला. नावाच्या रकान्यातच नावाआधी 'राष्ट्रीय पुरस्कारविजेती' असे शब्द होते. स्पर्धा दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम येथील केंद्रांपुरती होती. प्रमाणपत्रावर 'राष्ट्रीय राजधानी क्षेत्र' असे छापलेले होते. त्यातला पहिला शब्द तिने उचलला आणि बाकीचे दोन गाळले. उरलेले तिन्ही कागद तिने पुरस्कारांच्या विभागात घातले. दुकानाचा कागद मात्र तिला किरकोळ वाटला, म्हणून तो सर्वांत शेवटी टाकला.

रात्री जेवताना तिने तो मसुदा मामांना वाचून दाखवला. मामांचे सारे आयुष्य सोन्याच्या कसाशी गेलेले.

"राष्ट्रीय म्हणजे सगळ्या देशातून पोरी आल्या होत्या का गं?" त्यांनी विचारले.

"नाही मामा. आपल्या दिल्लीच्या आसपासच्याच."

"मग तसं लिही की. बावीस कॅरेटचं सोनं बावीस म्हणून विकलं, तर कुणी नाक मुरडत नाही. लोक लग्नात तेच घालतात. पण चोवीस सांगून बावीस दिलं, की दुकान उठतं."

"पण मामा, दुसरा नंबर, तोही तिघींत मिळून. असं लिहिलं तर कोण विचारील?"

मामांनी मामींच्या हातातली बांगडी मागून घेतली आणि तिच्या आतल्या बाजूचा बारीक शिक्का दाखवला. "हे बघ. मानक ब्यूरोची खूण, शुद्धता ९१६, आणि हा सहा अक्षरांचा क्रमांक. 'उत्तम सोनं' असं कुठं लिहिलंय का? कुणी तपासलं, किती उतरलं, कुठली वस्तू, एवढंच. म्हणून तर अनोळखी माणूससुद्धा विश्वास ठेवतो."

सोन्याच्या हॉलमार्कची ही रीत प्रत्यक्षात तशीच आहे. भारतीय मानक ब्यूरोचे मुख्यालय दिल्लीतच आहे. ९१६ याचा अर्थ हजारांत नऊशे सोळा भाग सोने, म्हणजेच बावीस कॅरेट. ज्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा आहे, ते १ एप्रिल २०२३ पासून या सहा चिन्हांच्या क्रमांकाशिवाय दुकानदाराला विकता येत नाहीत.

ती तरुणी पुन्हा संगणकापुढे बसली. नावाच्या रकान्यात नाव तेवढे ठेवले. अभ्यासक्रमाचा कागद प्रमाणपत्रांच्या विभागात नेला, कारण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे शिक्षण आहे, पुरस्कार नव्हे. कार्यशाळेची केवळ हजेरी होती. ती नोंद तिने काढून टाकली. दुकानाचा कागद मात्र पुरस्कारांतच राहिला. तीन वर्षे ती तेथे काम करत होती आणि एका वर्षी पाच कर्मचाऱ्यांतून तिची निवड झाली होती. देणारा लहान असला तरी सन्मान खरा होता. शेवटी स्पर्धेची नोंद तिने अशी लिहिली :

पुरस्काराचे नाव : संकेतस्थळ निर्मिती स्पर्धा, द्वितीय पारितोषिक (गट)
दिनांक : २०२३-०२
देणारी संस्था : प्रशिक्षण केंद्राचे नाव
सारांश : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील १८ गटांत दुसरा क्रमांक. तिघींच्या गटाने रास्त भावाच्या दुकानातील शिल्लक धान्य दाखवणारे संकेतस्थळ दोन दिवसांत तयार केले. शिल्लक साठ्याची नोंद ठेवणारा भाग स्वतः लिहिला.

चार नोंदींच्या दोनच झाल्या. पण त्या दोन नोंदींविषयी मुलाखतीत कोणी काहीही विचारले असते, तरी तिच्यापाशी उत्तर होते.

पाठगत प्रश्न ३

(अ) पहिल्या मसुद्यातील 'राष्ट्रीय' हा शब्द का चुकीचा होता?
(आ) दुकानमालकांनी दिलेला सन्मान पुरस्कारांच्या विभागात का राहिला?

४. सारांश लिहिताना

चार रकान्यांपैकी तीन रकान्यांत केवळ तथ्य असते. भाषेची परीक्षा चौथ्या रकान्यात, म्हणजे सारांशात होते. पुढील दोन वाक्ये पाहा.

'अत्यंत प्रतिष्ठेच्या स्पर्धेत देदीप्यमान यश संपादन केले.'
'१८ गटांत दुसरा क्रमांक. साठ्याची नोंद ठेवणारा भाग स्वतः लिहिला.'

पहिल्या वाक्यात विशेषणे आहेत. पण ती काढली तर हाती फारसे काही उरत नाही. दुसऱ्यात संख्या आणि क्रियापद आहे. 'लिहिला' या क्रियापदातून कौशल्य कळते, '१८' या संख्येवरून स्पर्धेचा आवाका कळतो. म्हणून सारांश लिहिताना पुढील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, स्पर्धेची पातळी सांगावी : केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य की देश.

दुसरी, गटात मिळालेल्या यशात स्वतःचा वाटा कोणता, हे सांगावे. गटाचे श्रेय एकट्याने घेणे आणि स्वतःचे काम गटामागे लपवणे, दोन्ही टाळावे.

तिसरी, सन्मानाचे नाव प्रमाणपत्रावर असेल तसेच लिहावे. उदाहरणार्थ, मे २०२४ मध्ये दिल्लीतील द्वारका येथे इंडिया स्किल्स ही राष्ट्रीय कौशल्य स्पर्धा झाली. अशा कौशल्य स्पर्धांत सुवर्ण, रौप्य, कांस्य या पदकांखेरीज 'मेडॅलियन ऑफ एक्सलन्स' हे गौरवचिन्हही दिले जाते. पदक न मिळालेल्या परंतु ठरावीक गुण ओलांडणाऱ्या स्पर्धकांसाठी ते असते. ते मानाचेच आहे. मात्र त्याला 'पदक' म्हटले, तर खरी नोंदही खोटी ठरते.

चौथी, जाहीर झाल्याचा दिनांक लिहावा की प्रदान झाल्याचा, हे ठरवावे आणि सर्व नोंदींत एकच रीत पाळावी. प्रमाणपत्रावर छापलेला दिनांक घेणे सर्वांत सोयीचे.

आणि ज्याच्यापाशी नोंद करण्यासारखा एकही पुरस्कार नाही, त्याने काय करावे? तो विभागच गाळावा. आराखड्यात तो सक्तीचा नाही. काम, प्रकल्प आणि कौशल्ये यांचे विभाग भरलेले असतील, तर रिकाम्या पुरस्कारांमुळे परिचयपत्र दुबळे होत नाही. घर सांभाळून, दिवसा मजुरी करून, रात्री अभ्यास करून परीक्षा देणाऱ्याला त्याबद्दल कोणी पदक देत नाही. पण मुक्त विद्यालयाची गुणपत्रिका शिक्षणाच्या विभागात मानाने लिहिता येते. तीही कोणी दिली, कधी दिली आणि कशासाठी दिली, हे सांगणारी खरी नोंदच असते.

शब्दार्थ

अमदानी – राजवट, कारकीर्द
किताब – राज्यसत्तेने दिलेली मानाची उपाधी
पदवी – विद्यापीठाने अभ्यासाबद्दल दिलेली मान्यता; लोकांनी दिलेले गौरवाचे नाव
पारितोषिक – स्पर्धेत यश मिळवल्याबद्दल दिलेले बक्षीस
सनद – अधिकृत लेखी दस्तऐवज
गलाई – सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा व्यवसाय
कस – सोन्याची शुद्धता, खरेपणा
धारिका – संगणकातील फाइल

तुम्ही काय शिकलात?

• सन्मान हा नावाचा भाग नाही. त्याची नोंद स्वतंत्र जागी होते.
• पुरस्काराच्या नोंदीत नाव, दिनांक, देणारी संस्था आणि सारांश असे चार रकाने असतात.
• पुरस्कार, प्रमाणपत्र आणि हजेरी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.
• सारांशात विशेषणांऐवजी पातळी, संख्या आणि स्वतःचे काम सांगावे.

पाठान्त प्रश्न

१. किताब आणि पुरस्कार यांतील फरक पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. 'बावीस कॅरेटचं सोनं बावीस म्हणून विकलं, तर कुणी नाक मुरडत नाही.' या उद्गाराचा परिचयपत्राशी असलेला संबंध स्पष्ट करा.
३. पुढील वाक्य नेमक्या शब्दांत पुन्हा लिहा. लागणारा तपशील कल्पनेने घ्या : 'विविध स्पर्धांमध्ये भरघोस बक्षिसे पटकावली.'
४. तुमच्या घरातील एक प्रमाणपत्र काढा. ते पुरस्कार, प्रमाणपत्र की हजेरी, हे ठरवा. पुरस्कार असल्यास त्याची नोंद चार रकान्यांत करा. घरात एकही नसल्यास आई, वडील किंवा शेजाऱ्यांपैकी कोणाला मिळालेल्या सन्मानाची माहिती विचारून घ्या आणि तिची नोंद करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) सैनिकी आणि विद्याविषयक मान. (आ) चूक.
२. (अ) पुरस्काराचे नाव, दिनांक, देणारी संस्था, सारांश. (आ) केवळ वर्ष लिहावे.
३. (अ) स्पर्धा देशभरातील नव्हती. ती राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील केंद्रांपुरती होती. (आ) पाच कर्मचाऱ्यांतून तिच्या कामासाठी निवड झाली होती. देणारा लहान असला तरी सन्मान खरा होता.